दुसऱ्या बाजूची गाठ

सर्जनबाई धाकटीला पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण बोलताना त्यांचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं. डाव्या स्तनात सव्वादोन सेंटिमीटरची गाठ होती. सुई घालून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला होता आणि त्यात नको तेच निघालं होतं. बाईंनी एका कोऱ्या कागदावर पेनाने आकृती काढली, गाठीच्या जागी एक गोल केला आणि दोन वाटा सांगितल्या. एक तर गाठ आणि तिच्या भोवतालचा थोडा भाग काढायचा आणि नंतर काही आठवडे किरणांचे उपचार घ्यायचे. नाहीतर पूर्ण स्तन काढायचा.

"जगण्यावाचण्याच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर ठरवायचं तुम्ही. दोन आठवडे घ्या. काही विचारावंसं वाटलं तर बाहेरच्या सिस्टरना फोन करा, त्या नोंद करून मला देतात."

मग त्यांनी एक छापील फॉर्म भरून घेतला. घरात कुणाला कॅन्सर? धाकटीने लिहिलं, नाही. आईवडील म्हातारपणाने गेले होते. थोरली बहीण आठ वर्षांपूर्वी काविळीने गेली होती. लिहिण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

धाकटी एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकांच्या दुरुस्तीचं काम करायची. दाभण, दोरा, खळ आणि पुठ्ठे यांत तिची बावीस वर्षं गेली होती. तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याने संध्याकाळीच वहीच्या पानावर दोन रकाने आखले आणि टक्केवारी मांडायला घेतली.

"अहो, हे काय उदाहरण सोडवायला घेतलंय का?"

"अगं, मांडल्याशिवाय कळणार कसं?"

"उत्तर चुकलं तर मार्क तुमचे जाणार नाहीयेत," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तिने मात्र एकच प्रश्न लिहून ठेवला होता. ऑपरेशननंतर हात सुजेल का? बाकीचे प्रश्न तिला सुचत होते, पण ते कागदावर उतरायला तयार नव्हते. एखादी गोष्ट विचारली की ती खरी होते, असं काहीतरी तिच्या मनाने घेतलं होतं.

दुसऱ्या भेटीला सिस्टरनी तिला पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "तुमचा परवाचा निरोप बाईंना दिलाय हं."

सिस्टर पन्नाशीच्या, चष्मा साखळीला बांधून गळ्यात अडकवणाऱ्या. त्यांच्या नोंदवहीत तारीख, वेळ आणि माणूस यांत कधी चूक व्हायची नाही, आणि ते त्या आल्यागेल्याला ऐकवायच्याही.

"कसला निरोप?" धाकटीने विचारलं.

"दुसऱ्या बाजूला गाठ लागतेय म्हणालात ना? उजवीकडे, खालच्या अंगाला."

"मी फोनच केला नाही."

सिस्टरनी वही फिरवून तिच्यासमोर धरली. मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं. "अहो, तुमचा हा बसका आवाज काय लपतो का? जरा गोंधळल्या होतात, एवढंच. म्हणालात, डावीकडची काढली, मग उजवीकडची कधी काढणार? मी म्हटलं, तुमची अजून कुठे काढलीय? तर म्हणालात, मला कुणी नीट सांगतच नाही."

मंगळवारी अकरा वाजता धाकटीचे दोन्ही हात खळीत बुडालेले होते आणि मोबाईल टेबलाच्या खणात होता. तिने तसं सांगितलं. सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आपलंच अक्षर पुन्हा वाचलं.

आत सर्जनबाईंनी उजवी बाजू नीट तपासली, सोनोग्राफीही करून घेतली. काहीच नव्हतं. "दुसऱ्या कुणाचा फोन तुमच्या नावावर टिपला गेला असेल," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सिस्टरना यादी बघायला लावली. दोन्ही बाजूंना गाठ असलेली एकही बाई त्या महिन्यात त्यांच्याकडे आलेली नव्हती.

"रॉंग नंबर," नवरा घरी जाताना म्हणाला. "नाहीतर कुणाचा तरी चावटपणा."

"असला चावटपणा कोण करेल?"

बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. सिस्टरनी बायकोचा म्हणून सांगितलेला तो आवाज आपण ओळखला असता का, याचा विचार तो करत असावा.

पुढच्या आठवड्यात सिस्टरनी स्वतः फोन केला. या वेळी त्या नेहमीसारख्या मोकळ्या बोलत नव्हत्या.

"एक विचारते. आत्ता तासाभरापूर्वी तुम्ही बोललात का माझ्याशी?"

"नाही."

"मग ऐका. मी शब्दन् शब्द उतरवून घेतलाय." आणि त्या वाचू लागल्या. "'पोटाच्या ऑपरेशनात नक्की काय काढलं? पिशवी काढली म्हणाले. मग नंतर सलाईनमधून औषध कशाला चढवलं? ताकदीचं म्हणाले. ताकदीच्या औषधाने केस जातात का, सिस्टर?'"

धाकटी तळघराच्या जिन्यात उभी होती. वरून कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता. तिने सिस्टरना शेवटचा प्रश्न पुन्हा वाचायला लावला.

कारण ते केस तिला माहीत होते. थोरली लांबच्या गावी राहायची. शेवटच्या दोन वर्षांत धाकटी तिला तीनदाच भेटली होती, आणि तिसऱ्या वेळी थोरलीने डोक्याला रुमाल बांधला होता. "औषध उष्ण पडलं गं मला," ती म्हणाली होती आणि विषय बदलला होता. त्याआधी पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. मग छातीतली एक साधी गाठ काढली होती, असं भाऊजींनी कळवलं होतं. मग कावीळ.

आणि आवाज. दोघी बहिणींचा आवाज एकाच कापडातून फाडलेला. लहानपणी फोनवर वडीलसुद्धा फसायचे. लग्नाआधी भाऊजी एकदा अर्धा तास धाकटीशीच गोड गोड बोलत बसले होते, आणि तिनेही त्यांना मध्ये थांबवलं नव्हतं. पुढे कित्येक वर्षं घरात ती गोष्ट निघाली की भाऊजी उठून बाहेर जायचे.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, "मी ताईच्या घरी जाऊन येते." तो सोबत यायला निघाला होता. तिने नको म्हटलं.

तीन तासांचा प्रवास करून ती पोचली तेव्हा दुपार होती. दार बंद होतं. तिने हाक मारली, "भाऊजी, दार उघडा."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. दार उघडलं तेव्हा भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू आहेस होय," ते म्हणाले. "तुझे फोन मी का उचलत नव्हतो, कळलं ना आता?"

आठ वर्षांत ते वाळले होते. घर मात्र नीटनेटकं होतं. लेक नोकरीसाठी दुसरीकडे राहायची. धाकटीने पाणीसुद्धा घेतलं नाही. आपल्याला काय झालंय ते तिने सांगितलं आणि विचारलं, "ताईला काय झालं होतं?"

"कावीळ..."

"भाऊजी."

ते खाली बसले. मग उठले, कपाटावरची एक चपटी पेटी त्यांनी काढली आणि न उघडता तिच्यापुढे ठेवली. आत फाईल होती. धाकटीला कागद हाताळायची सवय. तिने एकेक पान सुटं करून जमिनीवर लावलं. अंडाशयाचा कॅन्सर, वय एकोणचाळीस. मग डाव्या स्तनाचा, बेचाळीस. त्यानंतर चार महिन्यांनी उजव्या स्तनात गाठ, खालच्या अंगाला. शेवटी यकृत. प्रत्येक संमतीपत्रावर सही होती, आणि एकही सही थोरलीची नव्हती.

"तिला माहीत होतं?"

"मीच डॉक्टरांना सांगितलं, तिला सांगू नका. ती खचली असती. साधी गाठ आहे, ताकदीची औषधं आहेत, असंच सांगत राहिलो. ती रोज विचारायची. मग एक दिवस विचारायची बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, समाधान झालं तिचं."

धाकटीच्या हातात शेवटचं पान होतं. तिथल्या डॉक्टरांनी खाली दोन ओळी हाताने लिहिल्या होत्या. घराण्यात आनुवंशिक दोष असण्याची शक्यता आहे, रुग्णाच्या बहिणीची आणि मुलीची रक्ततपासणी करून घ्यावी.

"हे तरी सांगायचंत."

"तुला घाबरवायचं नव्हतं," भाऊजी म्हणाले. त्यांना ते खरोखरच पुरेसं कारण वाटत होतं. धाकटीला त्यांचा राग आला. तिने पानं गोळा केली, कडा जुळवल्या, फाईल पिशवीत घातली आणि ती निघाली. त्या फोनविषयी ती काहीच बोलली नाही. तो कुणाचा, हे तिने अजून स्वतःशीसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

सर्जनबाईंनी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, मध्ये कुणालाही आत येऊ दिलं नाही. मग रक्त तपासायला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. थोरलीत असावा असा संशय होता तो दोष धाकटीत होता.

"आता त्या दोन वाटा सारख्या राहिल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या स्तनात पुढेमागे होण्याची शक्यता बरीच वाढते. होईलच असं नाही. आजची गाठ काढून, दर सहा महिन्यांनी तपासण्या करत राहणं ही वाटसुद्धा आहे, आणि ती निवडणाऱ्या बायका वेड्या नसतात. दोन्ही स्तन काढणं ही दुसरी. अंडाशयांवर मात्र नजर ठेवून फारसं काही हाती लागत नाही. ते काढून टाकावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते आज नको, ऑपरेशननंतरची केमोची औषधं संपल्यावर."

नवऱ्याने वही उघडली आणि मिटली. "डॉक्टर, तुमची बहीण असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

"माझी बहीण माझं एक अक्षर ऐकत नाही," बाई म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "आणि तिची भीती तुमच्या भीतीसारखी नसेल. तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "वाट बघण्याची," ती म्हणाली. "दर सहा महिन्यांनी बाहेरच्या बाकावर बसून वाट बघायची, ते मला जमणार नाही. आणि हाताची. मला दाभण धरायचं असतं."

मग प्रश्नांची रांगच लागली. काखेतल्या किती गाठी काढाल? आधी एकदोनच, त्या साफ असतील तर बाकीच्यांना हात लावणार नाही. हात सुजलाच तर? व्यायाम आहे, पट्टी आहे, पण धोका शून्य आहे असं सांगणार नाही. नंतर छातीला आकार द्यायचा असेल तर? देता येतो. नको असेल तर? तर सपाट ठेवून व्यवस्थित शिवू. "व्यवस्थित म्हणजे?" धाकटीने विचारलं, आणि सर्जनबाईंनी तिला टाके कसे घेतात ते कागदावर काढून दाखवलं. धाकटीने त्यातली एक रेघ दुरुस्त करायला सुचवलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, पण हो म्हटलं नाही.

चार दिवसांनी सकाळी ती निर्णय सांगायला आली. एकटीच आली होती. सर्जनबाई वॉर्डात होत्या, म्हणून ती सिस्टरच्या टेबलासमोर बसली. बाकांवर तीनचार माणसं होती. भिंतीवरचा पंखा फिरत होता. सिस्टर तिला पेन देत होत्या तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

सिस्टरनी उचलला, नेहमीसारखं बोलल्या, आणि थांबल्या. त्यांची नजर धाकटीच्या ओठांवर खिळली. ओठ मिटलेले होते. रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता आणि तो बोलायचा थांबत नव्हता.

सिस्टरनी रिसीव्हर कानापासून दूर केला. "तुम्ही घ्या," त्या कुजबुजल्या. "मला नको."

धाकटीने घेतला. तिचा स्वतःचाच आवाज, जरा दमलेला, म्हणत होता, "...सिस्टर, आहात ना? ठेवू नका फोन. सगळे ठेवून देतात."

"आहे मी," धाकटी म्हणाली.

"माझी फाईल बघून सांगता का? मी पुन्हा पुन्हा विचारते म्हणून रागावू नका. मला फक्त कळायला हवं. मला काय झालंय?"

पलीकडे ती धाकटीला ओळखत नव्हती. ताई म्हणून हाक मारायला धाकटीचा श्वास भरला, आणि तिने तो गिळला. पलीकडच्या बाईला या क्षणी बहीण नको होती. तिला फाईल वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं.

फाईल पिशवीतच होती. धाकटीने ती मांडीवर उघडली आणि वाचली. पहिल्यापासून, तारखेसकट. अंडाशयात काय निघालं, छातीत काय निघालं, ताकदीची म्हणून कोणती औषधं दिली. काही गाळलं नाही आणि गोडही केलं नाही. बाकांवरची माणसं बघत होती. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या.

वाचून झालं. तारेतून वारा वाहावा तसा आवाज येत राहिला.

"म्हणजे साधी नव्हती," पलीकडून आलं.

"नाही. साधी नव्हती."

"मला वाटलंच होतं." मग, थोड्या वेळाने, "रडायला येईल असं वाटलं होतं. येत नाहीये. उलट जरा बरं वाटतंय, सिस्टर. आणि मग आता काय करायचं? कुणी ठरवलंय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. तिच्या हनुवटीवरून पाणी कागदावर पडलं आणि तिने ते सवयीने लगेच टिपून घेतलं. "ठरवायचं तुम्हीच. तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं?"

"हो."

"मला थोडा वेळ द्या," आवाज म्हणाला, आणि त्यात पहिल्यांदाच थोरलीचा जुना ठसका होता, दुकानात दहा साड्या काढायला लावून उठून जाणाऱ्या बाईचा. "विचार करते. घाई करू नका मला."

"नाही करणार," धाकटी म्हणाली. फोन बंद झाला होता.

सिस्टर खुर्चीत येऊन बसल्या. त्यांनी वही ओढली, वेळ लिहिली आणि पेन तसंच धरून ठेवलं. "नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

धाकटीने थोरलीचं नाव सांगितलं. सिस्टरनी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग मागची पानं उलटून, आधीच्या दोन नोंदींवर धाकटीचं नाव होतं ते एका रेघेने खोडलं आणि त्यावर थोरलीचं घातलं.

सर्जनबाई आल्या. धाकटीने सांगितलं, दोन्ही बाजू काढायच्या, सपाट, आणि अंडाशय औषधं संपल्यावर. बाईंनी तिला सगळं एकदा तिच्या शब्दांत परत सांगायला लावलं, मध्ये दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि मगच कागद पुढे केला. तिने सही केली.

ऑपरेशन पार पडलं. काखेतल्या गाठी साफ निघाल्या. उजव्या बाजूतही काहीच निघालं नाही.

"मग ती उगाच काढली का?" नवऱ्याने विचारलं. विचारून त्याने जीभ चावली.

"उगाच कशी? मला नको होती." यावर तो पुढे कधी बोलला नाही. औषधांचे महिने वाईट गेले. ते संपल्यावर अंडाशयही काढले. हात थोडा सुजला, तीन महिन्यांनी उतरला. तो फोन पुन्हा आला नाही. सिस्टर मात्र मंगळवारी अकराच्या सुमारास चहाला उठत नाहीत, असं त्यांनीच एकदा धाकटीला सांगितलं.

भाऊजींनी आपल्या लेकीला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगावं, एवढंच धाकटीने त्यांच्याकडून मागितलं होतं. त्यांनी ते सांगितलं. लेक दोन महिने बापाशी बोलली नाही. मग एका रविवारी ती मावशीकडे आली. पंचवीस वर्षांची, सडसडीत, आईसारखी भुवई उडवणारी.

"मावशी, ती रक्ताची तपासणी मी इतक्यात करणार नाही."

धाकटीच्या जिभेवर सगळं तयार होतं. तुझी आई, तुझं वय, ती फाईल, शपथ घालायचीही तयारी होती. भाचीला हाताला धरून उद्याच्या उद्या नेऊन बसवावं, असं इतकं तीव्र तिला वाटलं की भाऊजी त्या वेळी कशापोटी तसं बोलले असतील ते पहिल्यांदाच कळलं, आणि ते कळणं तिला मुळीच आवडलं नाही.

"तुला ठाऊक आहे ना, न करण्याचा अर्थ काय होऊ शकतो?" तिने विचारलं.

"आहे. सगळं वाचलंय. मला थोडी तयारी हवी."

"मग ठीक आहे. मी सोबत येईन, तू सांगशील तेव्हा."

नऊ महिने धाकटीने विषय काढला नाही. ते नऊ महिने तिला औषधांपेक्षा जड गेले. मग भाचीचा निरोप आला, आणि दोघी मिळून जाऊन आल्या. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला तेव्हा भाचीने तो दाराशी उभं राहून मावशीला वाचून दाखवला, आणि दोघी बराच वेळ आतल्या खोलीत बसल्या.

धाकटी बाहेर आली तेव्हा नवरा वही घेऊन उभाच होता. "काय आलं गं?"

"तिला विचारा," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली.